बालदमा : बाळ बरे असताना द्यावयाचे औषध



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर एक तरुण माता आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन मला भेटावयास आली. सोबत तिच्या सासूबाई होत्या. "फादर, तुम्हीच समजवा हिला," सासूबाईंनी सुरुवात केली. "पोर चांगलं खेळतंय, जेवतंय, आणि ही सकाळ-संध्याकाळ त्याच्या तोंडावर तो मास्क दाबून धरते. चांगल्या पोराला कुणी पंप देतं का?" सून हळूच म्हणाली, "आई, डॉक्टरांनी तीन महिने द्यायला सांगितलंय." वर्षभरात ते मूल दोन वेळा रुग्णालयात दाखल झाले होते. प्रत्येक वेळी घरी आल्यावर खोकला थांबला, की पंप कपाटात जात असे. त्या वेळी तो कपाटात जाऊ न देण्याचा सुनेचा निर्धार होता आणि घरात त्यावरून धुसफूस चालली होती.

मी डॉक्टर नाही. 'मला माहीत नाही, विचारून सांगतो,' एवढेच मी त्या दोघींना म्हणालो. त्यानंतर परिचयातील बालरोगतज्ज्ञांशी बोललो, थोडेफार वाचले. सासूबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हे त्यातून माझ्या ध्यानी आले. ताप उतरला की तापाचे औषध आपण थांबवतोच. मग खोकला थांबल्यावर हे औषध का थांबवू नये? या एका प्रश्नाचे उत्तर नीट न मिळाल्यामुळे पुष्कळ लहान मुले वारंवार आजारी पडत राहतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

दम्यात नेमके काय होते, ते प्रथम पाहू. फुप्फुसात हवा नेणाऱ्या लहान लहान श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते. ही सूज वेदना देत नाही, बाहेरून दिसत नाही आणि मूल हसतखेळत असतानाही ती टिकून राहू शकते. सुजलेली नलिका फार हळवी असते. सर्दीचा विषाणू, धूर, धूळ, थंड हवा असे काही निमित्त घडले, की तिच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट स्राव साठतो आणि वाट अरुंद होते. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, मुलाला धाप लागते, रात्री खोकल्याची उबळ येते. मोठ्या माणसाच्या तुलनेत बाळाच्या नलिका मुळातच अतिशय बारीक असतात. त्यामुळे थोडीशी सूजही त्याला भारी पडते.

यास्तव दम्याची औषधे दोन निरनिराळ्या जातींची आहेत. हा भेद घराघरांत माहीत असणे अगत्याचे आहे. पहिले औषध आराम देणारे. साल्बुटामॉल हे त्यातले सर्वपरिचित नाव. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते, मूल मोकळा श्वास घेऊ लागते आणि चार-सहा तासांत औषधाचा परिणाम ओसरतो. सुजेवर मात्र ते काहीच करीत नाही. दुसरे औषध प्रतिबंधक. बुडेसोनाईड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही त्याची नावे. ते श्वासावाटे थेट नलिकांच्या अस्तरावर पोहोचते आणि तेथील सूज हळूहळू उतरवते. या कामाला दिवस, कधी आठवडे लागतात. ऐन झटक्यात हे औषध दिले तर तात्काळ काहीच फरक दिसत नाही आणि 'हा पंप काही कामाचा नाही' असा निष्कर्ष काढून लोक तो टाकून देतात. चूक औषधाची नसते. पावसाला सुरुवात झाल्यावर कौले चाळावयास घेतली, तर घर गळणारच.

दोन्ही पंप दिसावयास सारखे असतात. रंगावर विसंबून राहू नये, कारण कंपनीगणिक रंग बदलतो. डॉक्टरांकडून औषधाचे नाव विचारून घ्यावे आणि पंपावर मराठीत 'रोजचा' व 'धाप लागल्यावर' अशी चिठ्ठी चिकटवावी. एका धर्मभगिनींनी आपल्या दवाखान्यात अनेक वर्षे ही साधी युक्ती वापरली आहे.

पंपाविषयीची भीती

आमच्या वसई परिसरात, आणि मला वाटते महाराष्ट्रात सर्वत्र, 'पंप' या शब्दाला एक अपशकुनी छटा आहे. 'पंप लागला' म्हणजे आजार शेवटच्या पायरीला आला, अशी समजूत. मुलगी असेल तर उद्या लग्नाच्या वेळी काय सांगावयाचे, ही चिंता पाळण्यापासूनच सुरू होते. ही भीती ओळखून काही डॉक्टरही 'दमा' हा शब्द उच्चारण्याचे टाळतात. 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस' किंवा 'छातीत कफ भरला आहे' असे म्हणतात. हेतू चांगला असेल, परंतु परिणाम असा होतो, की आईवडिलांना आजार दीर्घकाळचा आहे हे कळतच नाही आणि रोजच्या औषधाचे प्रयोजनही उमगत नाही.

वस्तुतः पंपाचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. त्या काळी औषध काचेच्या नाजूक उपकरणात भरून रबरी फुगा दाबून ओढावे लागे. केसांवर मारावयाच्या फवाऱ्यासारखे आपले औषध डबीत का भरता येत नाही, असे तिने १९५५ साली वडिलांना विचारले. पुढील वर्षी, १९५६ साली, पहिले मोजून मात्रा देणारे पंप बाजारात आले. ते आराम देणाऱ्या औषधाचे होते. सूज उतरवणारा बेक्लोमेथासोनचा पंप ब्रिटनमध्ये १९७२ साली उपलब्ध झाला. दम्याच्या उपचाराला खरे वळण मिळाले ते तेव्हापासून.

हे वाचताना मला माझ्या धाकट्या भावाची आठवण झाली. आमच्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, तो रात्रीच्या रात्री खिडकीचे गज धरून बसून काढीत असे. आई त्याच्या पाठीला निलगिरीचे तेल चोळीत असे आणि बाबा कंदील घेऊन डॉक्टरांना उठवावयास जात. त्याला गोळ्या मिळत, कधी इंजेक्शन मिळे. दोन रात्रींच्या मधल्या काळासाठी काही औषध असते, हे आमच्या घरी कुणाला ठाऊकच नव्हते.

आता 'स्टेरॉईड' या शब्दाकडे वळू. प्रतिबंधक पंपात स्टेरॉईड असते, हे खरे आहे आणि ते लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. परंतु त्याचे प्रमाण किती, हे पाहिले पाहिजे. दहा किलो वजनाच्या बाळाला दम्याचा तीव्र झटका आला, तर डॉक्टर तोंडावाटे स्टेरॉईडचे औषध देतात. त्याची मात्रा दिवसाला किमान १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम इतकी असते. पंपातून लहान मुलास साधारणतः दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम इतके औषध दिले जाते. दोन्ही औषधे एक नव्हेत, त्यामुळे तुलना ढोबळच समजावी. तरी झटक्याच्या एका दिवसात पोटात जाणारे प्रमाण हे पंपाच्या ५० वा त्याहून अधिक दिवसांइतके भरते. शिवाय पोटातून गेलेले औषध रक्तावाटे सर्व शरीरात फिरते, तर पंपातले प्रामुख्याने जेथे हवे तेथे पडते. वर्षातून तीन-चार झटके येऊ देणे आणि प्रत्येक वेळी तोंडावाटे स्टेरॉईड देणे हाच अधिक स्टेरॉईड घेण्याचा मार्ग ठरतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मग दुष्परिणाम मुळीच नाहीत काय? आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. अमेरिकेत ५ ते १२ वर्षे वयाच्या दमेकरी मुलांना चार ते सहा वर्षे रोज बुडेसोनाईड देऊन त्यांच्यावर प्रौढ होईपर्यंत लक्ष ठेवण्यात आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध न घेतलेल्यांपेक्षा त्यांची अंतिम उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. म्हणजे अर्ध्या इंचाहूनही थोडी कमी. हा फरक बहुतांशी उपचाराच्या सुरुवातीच्या काळातच पडला होता आणि पुढे तो वर्षानुवर्षे वाढत गेला नाही. म्हणूनच डॉक्टर कमीत कमी प्रभावी मात्रा शोधतात आणि दर भेटीत मुलाची उंची मोजतात. ते मोजत नसतील तर आपण सांगावे. याखेरीज तोंडात पांढरे चट्टे येणे किंवा आवाज बसणे असे होऊ शकते. औषधानंतर चूळ भरण्याने किंवा बाळाला पाणी पाजण्याने आणि मास्कखालचा चेहरा ओल्या फडक्याने पुसण्याने ते बऱ्याच अंशी टळते. सवय लागणे, ज्याची सर्वाधिक धास्ती असते, ते मात्र या औषधाने होत नाही. औषध थांबवल्यावर त्रास परतला तर तो आजार परतलेला असतो.

येथे एक कटू सत्यही नमूद करावयास हवे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दम्याचा मोठा संभव असलेल्या दोन ते तीन वर्षांच्या २८५ मुलांची पाहणी झाली. त्यांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज फ्लुटिकासोन देण्यात आले. औषध सुरू होते तोवर त्या मुलांना त्रास कमी झाला, झटके कमी आले. औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात मात्र दोन्ही गटांत फरक उरला नाही. याचा अर्थ असा, की प्रतिबंधक औषध दमा मुळापासून उपटून काढीत नाही. चष्मा डोळा बरा करीत नाही, पण लावला असता दिसते, तसेच हे. बालपणीची ती दोन-चार वर्षे मुलाने झोपून, खेळून, शाळेत जाऊन काढावीत, रुग्णालयाच्या खाटेवर नव्हे, यासाठी ते औषध आहे.

प्रत्येक बाळाला हे औषध लागते का?

नाही. आणि हेही तितक्याच ठासून सांगितले पाहिजे, कारण पंपाला घाबरणारे जसे आहेत, तसे पहिल्याच सर्दीला पंप मागणारेही आता दिसू लागले आहेत. पहिल्या काही वर्षांत साध्या सर्दीने छाती वाजणे फार सामान्य आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टुसॉन येथे मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. ८२६ मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांची छाती तीन वर्षांच्या आत केव्हा ना केव्हा वाजली होती. परंतु त्यांपैकी जवळजवळ ६० टक्के मुलांना सहाव्या वर्षी तो त्रास उरला नव्हता.

मग ओळखावयाचे कसे? मोठ्यांप्रमाणे नळीत फुंकर मारून करावयाची चाचणी एवढ्या लहान मुलांकडून करवून घेता येत नाही. डॉक्टर आईवडिलांच्या सांगण्यावरच बरेचसे अवलंबून असतात. वर्षात तीनहून अधिक वेळा छाती वाजली का? सर्दीनंतरचा खोकला दहा दिवसांहून अधिक रेंगाळतो का? सर्दी नसतानाही, हसताना, रडताना, पळताना किंवा मध्यरात्री खोकला येतो का? बाळाला इसब आहे का? आईला किंवा वडिलांना दमा आहे का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर डॉक्टर कमी मात्रेचे प्रतिबंधक औषध दोन ते तीन महिने रोज देऊन पाहतात. १९९३ साली स्थापन झालेल्या 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या जागतिक संस्थेचे मार्गदर्शनही असेच आहे. त्या मुदतीत स्पष्ट सुधारणा झाली, तर निदानाला पुष्टी मिळते. काहीच फरक पडला नाही, तर औषध वाढवीत न जाता थांबवावयाचे आणि खोकल्याचे दुसरे कारण शोधावयाचे. सारांश, हे तीन महिने उपचाराचे असतात, तसेच परीक्षेचेही. मध्येच पंप कपाटात ठेवला तर डॉक्टरांना काहीच कळत नाही आणि बाळाचे तीन महिने वाया जातात.

फक्त सर्दी झाली तरच छाती वाजणाऱ्या आणि एरव्ही ठणठणीत असणाऱ्या काही मुलांना डॉक्टर सर्दीची चाहूल लागताच थोडे दिवसच औषध देतात. एक ते साडेचार वर्षांच्या २७८ मुलांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज अल्प मात्रा आणि सर्दीपुरती सात दिवस मोठी मात्रा या दोन पद्धतींत झटक्यांच्या संख्येत फरक आढळला नाही. परंतु कोणते मूल कोणत्या गटातले, हा निर्णय डॉक्टरांचा. तो शेजाऱ्यांच्या अनुभवावरून घरी घेण्याचा नाही.

पंपाऐवजी गोड सिरप द्यावे, असा मोह सर्वांनाच होतो. तोंडावाटे दिलेले साल्बुटामॉल सावकाश काम करते आणि त्याने हात थरथरणे, छातीत धडधडणे हे त्रास अधिक होतात. माँटेलुकास्ट हे प्रतिबंधक औषध आपल्याकडे सिरपच्या वा चघळण्याच्या गोळीच्या रूपात पुष्कळ दिले जाते. काही मुलांना त्याचा उपयोगही होतो. परंतु एकंदरीत पंपातील औषधापेक्षा ते कमी प्रभावी आहे. शिवाय त्यामुळे काही मुलांत चिडचिड, भयंकर स्वप्ने, वागणुकीत बदल असे मानसिक परिणाम आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर ठळक चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले. बाळ हे औषध घेत असेल आणि झोपेत दचकून ओरडू लागले, तर ते 'नजर लागली' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना कळवावे.

मास्क, नळी आणि रडणारे बाळ

औषध उत्तम असले तरी ते छातीत पोहोचले पाहिजे. लहान मुलास पंप थेट तोंडात देता येत नाही. मध्ये स्पेसर नावाची प्लास्टिकची पोकळ नळी लागते, आणि साधारणतः तीन वर्षांपर्यंत तिला चेहऱ्यावर बसणारा मास्क. पंप हलवावा, स्पेसरला जोडावा, मास्क नाकातोंडावर फट न राहता अलगद टेकवावा, एकदाच दाबावा आणि बाळाला पाच ते दहा वेळा शांतपणे श्वास घेऊ द्यावा. दुसरी मात्रा हवी असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा सारे पहिल्यापासून. दोन मात्रा एकदम दाबू नयेत.

बाळ रडत असेल तर औषध घशातच अडकते. 'रडताना मोठा श्वास घेतो, बरे झाले' ही समजूत चुकीची आहे. त्या तरुण मातेची खरी अडचण हीच होती. मूल मास्क पाहताच किंचाळत असे आणि सासूबाईंचे काळीज तुटत असे. डॉक्टरांनी तिला सुचवले, की आठवडाभर मास्क नुसता खेळावयास द्यावा, बाहुलीला लावावा, बाबांना लावावा. मग औषध सुरू करावे, तेही रोज एकाच वेळी, दात घासण्याच्या अगोदर, म्हणजे चूळही आपोआप भरली जाते. स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता हवेवर वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास प्लास्टिकवर स्थिर विद्युत निर्माण होते आणि औषध नळीच्या भिंतींनाच चिकटून राहते.

घरातला धूर थांबवला नाही तर औषधाला एकट्याने लढावे लागते. वडिलांची सिगारेट, चूल, डासांची कॉईल, वाडीत जाळलेला पालापाचोळा, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी, ही आपल्याकडची नेहमीची कारणे. यात आम्हा धर्मगुरूंचाही वाटा आहे. महोत्सवाच्या मिस्साला धूपदान जोरात हालवले जाते तेव्हा पुढच्या बाकांवरची काही लेकरे खोकू लागतात, हे मी वेदीवरून अनेकदा पाहिले आहे. दमेकरी बाळ घेऊन येणाऱ्या पालकांनी त्या दिवशी मागे, दाराजवळ बसावे. त्यात श्रद्धेची काही उणीव नाही.

हैदराबादेस दर जून महिन्यात माशातून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी आपल्याकडूनही लोक जातात. त्याने दमा बरा होतो, असा शास्त्रीय पुरावा नाही, आणि लहान मुलाच्या घशात जिवंत मासा सोडणे धोक्याचे आहे. छातीला कापूर चोळणे तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. आरोग्यदानाच्या तपसाधनेहून परतल्यावर 'आता बरे झाले' म्हणून औषध सोडणारेही मला भेटले आहेत. प्रार्थना अवश्य करावी. परंतु बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्य आणि औषध ही दोन्ही देवाचीच देणगी मानली आहे, हेही त्यांनी वाचावे.

हा आजार किरकोळ नव्हे. २०१९ सालच्या जागतिक आकडेवारीनुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते, मात्र दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्या देशात झाले. यांत बहुसंख्य प्रौढ होते; पण वेळेवर निदान न होणे आणि प्रतिबंधक औषध न घेणे, ही त्यामागची कारणे मुलांच्या बाबतीतही तीच आहेत. श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, त्याला दूध पिता येत नसेल किंवा बोलता येत नसेल, ओठ निळसर झाले असतील, ते गळून सुस्त पडले असेल, किंवा आराम देणाऱ्या पंपानेही उतार पडत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि वाटेत डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे तो पंप देत राहावे.

त्या मातेला डॉक्टरांनी आणखी एक काम दिले होते. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर, ज्या रात्री खोकल्याने मूल जागे होईल, त्या तारखेवर फुली मारावयाची. जुलैच्या पानावर अकरा फुल्या होत्या, ऑगस्टच्या पानावर चार. सप्टेंबरमध्ये वेलंकनी मातेच्या सणानंतर मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या महिन्याचे पान अजून कोरे होते. मूल अंगणात कोंबडीच्या मागे धावत होते. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि सुनेला हाक मारली, "अगं, त्याच्या पंपाची वेळ झाली ना?"